वाचकांचा कौल व परीक्षकांचा निर्णय

वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणी ठरवावा, या प्रश्नास १९५४ साली दोन भिन्न उत्तरे मिळाली. मुंबईच्या 'फिल्मफेअर' या इंग्रजी पाक्षिकाने हिंदी चित्रपटांविषयी वाचकांची मते मागविली. २०,००० हून अधिक वाचकांनी ती दिली. २१ मार्च रोजी मेट्रो चित्रपटगृहात पाच पारितोषिके देण्यात आली, आणि बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट ठरला. त्याच वर्षी शासकीय परीक्षक-समितीच्या निर्णयाने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटास लाभले. 'दो बिघा जमीन'च्या वाट्यास गुणवत्तेचे प्रमाणपत्र आले.

हा भेद केवळ अभिरुचीचा नव्हे. वाचकांच्या मतदानात मराठी चित्रपटास स्थानच नव्हते. शिवाय १९५१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. इंग्रजी वाचणारे त्याहूनही थोडे. तिकीट काढणारा फार मोठा प्रेक्षकवर्ग या कौलाबाहेर राहिला. निकृष्ट चित्रपट कोणता, हे तर दोघांनीही विचारले नाही. तो निवाडा रिकाम्या खुर्च्यांवर सोपविला गेला. तेव्हा अशा कौलास लोकमत म्हणण्यापूर्वी मतदार कोण होता व त्यास काय विचारले गेले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम तपासले पाहिजे.