विश्लेषण : इंग्लंडमधील फुटबॉल क्लब चाहत्यांना ‘विचारतात’ म्हणजे नेमके काय करतात?

२०१४ मध्ये इंग्लंडमधील हल सिटी या फुटबॉल क्लबने आपल्या हंगामी तिकीटधारकांचे मतदान घेतले. मालक असेम अल्लाम यांना क्लबचे नाव ‘हल टायगर्स’ करायचे होते. छोटे आणि ठसठशीत नाव परदेशी बाजारपेठेत जास्त खपेल, असा त्यांचा हिशेब होता. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते. पहिला, ‘हल टायगर्स’ला होकार आणि क्लबचे नेतृत्व अल्लाम कुटुंबाकडेच. दुसरा, ‘हल टायगर्स’ला नकार. तिसरा, फारसे काही वाटत नाही, क्लबला पाठिंबा कायम.

पहिला पर्याय पुन्हा वाचून पाहावा. नावाच्या प्रश्नाला मालकाच्या राहण्या-जाण्याची शेपटी जोडलेली होती. अल्लाम यांनी क्लबला आर्थिक गर्तेतून वर काढले होते. त्यामुळे नाव नको म्हणणाऱ्याला मालक आणि त्याचा पैसा दोन्ही गमावण्याची भीती होतीच. निकाल लागला तो असा : बाजूने २,५६५, विरोधात २,५१७ आणि ‘फारसे काही वाटत नाही’ ७९२. फरक अवघा ४८ मतांचा. क्लबचे हंगामी तिकीटधारक तेव्हा सुमारे १५ हजार होते, म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांनी मतच दिले नव्हते. नाव बदलायला फुटबॉल असोसिएशनची परवानगी लागते. असोसिएशनने त्याच महिन्यात ती नाकारली आणि २०१५ मध्ये पुन्हा नाकारली. क्लब आजही हल सिटीच आहे.

चाहत्यांचे मत घेणे ही वरवर साधी वाटणारी गोष्ट. पण प्रश्न कोण लिहितो, तो कधी विचारला जातो आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर पुढे काय होते, यावर तिची सगळी किंमत ठरते.

मालकाचा क्लब, मग चाहत्यांना विचारायचे कशाला?

इंग्लंडमधील बहुतेक मोठे क्लब खासगी कंपन्या आहेत. कायद्याने पाहिले तर चाहता हा ग्राहक. मात्र साबण आवडला नाही तर माणूस दुसरा घेतो, तसा क्लब बदलत नाही. आजोबांपासून घरात एकाच संघाचे नाव असते, स्टेडियममधली जागाही पिढ्यान्‌पिढ्या तीच असते. ही निष्ठा गृहीत धरूनच मालक निर्णय घेत आले.

२००२ मध्ये दक्षिण लंडनमधील विम्बल्डन क्लबला सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स शहरात हलवायला परवानगी मिळाली. तीन सदस्यांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने हा निर्णय दिला होता. चाहत्यांचा विरोध जगजाहीर होता, पण त्याला वजन नव्हते. त्यांनी मग स्वतःचा ‘एएफसी विम्बल्डन’ क्लब काढला, मैदानावर खेळाडूंच्या निवड चाचण्या घेतल्या आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये हा क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या परिसरात परतला.

रंगाचेही तसेच. ‘ब्लूबर्ड्स’ या टोपणनावाने ओळखला जाणारा वेल्समधील कार्डिफ सिटी इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतो. त्याचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये संघाला लाल कपडे चढवले. निळा रंग परत यायला जानेवारी २०१५ उजाडावे लागले.

बोधचिन्हाचे दोन धडे

२०१३ मध्ये एव्हर्टनने नवे बोधचिन्ह जाहीर केले. जुन्यावरचे लॅटिन बोधवाक्य त्यातून गायब होते. हजारो चाहत्यांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि क्लबने माफी मागितली. पण तोवर जर्सी छपाईला गेल्या होत्या, त्यामुळे एक हंगाम नावडत्या चिन्हासहच खेळावा लागला. पुढच्या चिन्हासाठी मात्र चाहत्यांपुढे तीन नमुने ठेवून मतदान घेतले गेले आणि बोधवाक्य परत आले.

लीड्स युनायटेडचे प्रकरण त्याहून बोलके आहे. जानेवारी २०१८ मध्ये छातीवर मूठ ठेवलेल्या माणसाचे चित्र नवे बोधचिन्ह म्हणून पुढे आले. सहा महिन्यांत दहा हजार लोकांशी सल्लामसलत केली, असे क्लबचे म्हणणे होते. तरीही एका दिवसाच्या आत ५० हजारांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि चित्र मागे घ्यावे लागले. ‘क्लब म्हणजे तुमच्यासाठी काय?’ असे विचारणे आणि ‘हे चित्र चालेल का?’ असे विचारणे यांत फरक असतो. दुसरा प्रश्न खुलेपणाने विचारला असता तर त्याचे उत्तर काय आले असते, हे सह्यांनीच सांगितले.

तिकिटाचा दर आणि ७७ वे मिनिट

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महागडे तिकीट ७७ पौंडांवर नेण्याचे ठरवले. त्याआधी चाहत्यांच्या प्रतिनिधींबरोबर बैठका झाल्या होत्या, पण दर ठरला तो मालकांच्याच मनाप्रमाणे. सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होता, सामना २-२ असा सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ रद्द केली. बैठकांना जे जमले नव्हते ते रिकाम्या खुर्च्यांनी केले.

सुपर लीगनंतर काय बदलले?

१८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील १२ बड्या क्लबांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली. त्यात इंग्लंडचे सहा क्लब होते. चाहतेच काय, काही क्लबांचे प्रशिक्षक आणि खेळाडूही अंधारात होते. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली.

त्यानंतर चेल्सीने चाहत्यांच्या तीन सल्लागारांना संचालक मंडळाच्या बैठकीत बसायला जागा दिली, पण मताचा अधिकार दिला नाही. लिव्हरपूलने चाहत्यांचे मंडळ स्थापून त्याच्याशी सल्लामसलतीची तरतूद क्लबच्या नियमावलीतच घातली. प्रीमियर लीगनेही क्लबांना चाहता सल्लागार मंडळ आणि या कामासाठी संचालक मंडळाच्या पातळीवरील एक जबाबदार व्यक्ती नेमायला लावले.

सरकारने माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्याकडे चौकशी सोपवली होती. क्लबच्या वारशाशी संबंधित निर्णय रोखण्याचा नकाराधिकार देणारा एक ‘सुवर्ण समभाग’ चाहत्यांच्या संस्थेकडे असावा, अशी त्यांची शिफारस होती. ती जशीच्या तशी कायद्यात आली नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला. पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींतील ११६ क्लबांना त्याच्याकडून परवाना घ्यावा लागेल. परवान्याच्या अटींनुसार क्लबची दिशा, आर्थिक प्राधान्यक्रम, तिकीटदर आणि वारसा या विषयांवर चाहत्यांच्या प्रातिनिधिक गटाशी नियमित चर्चा बंधनकारक आहे. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे, याची खातरजमा करावी लागेल. मैदान विकायला किंवा दुसरीकडे हलवायला नियामकाची मंजुरी लागेल.

तिकीटदराबाबत मात्र केवळ चर्चा आवश्यक आहे, संमती नाही. ही गोम छोटी नाही. २०२४ च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मध्यावरच सदस्यांसाठीच्या उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. लहान मुले आणि ज्येष्ठांची सवलतही गेली. क्लबकडे सल्लागार मंडळ होते, तरी आपल्याला विचारलेच नाही, अशी चाहत्यांच्या संघटनेची तक्रार होती.

जर्मनीत विचारत नाहीत, मत देतात

जर्मनीत ‘५०+१’ नियम आहे. व्यावसायिक संघ कंपनीच्या रूपात असला तरी निम्म्याहून एक जास्त मत मूळ क्लबकडे, म्हणजे त्याच्या सदस्यांकडे राहते. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे मोजके अपवाद आहेत. तिथेही तंटे होतात. लीगच्या प्रसारण व्यवसायात गुंतवणूकदार आणण्याचा ठराव डिसेंबर २०२३ मध्ये ३६ पैकी २४ क्लबांच्या मतांनी, म्हणजे काठावर, मंजूर झाला. मतदान गुप्त होते आणि एका क्लबच्या प्रतिनिधीने आपल्या सदस्यांच्या आदेशाविरुद्ध मत दिल्याचा संशय बळावला. मग आठवडेच्या आठवडे प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो विषय गुंडाळला.

चाहता कोणाला म्हणायचे?

बोधचिन्ह आणि रंगाबाबत इंग्लंडच्या कायद्यात मोजले जातात ते इंग्लंड आणि वेल्समधील चाहते. लिव्हरपूलच्या सामन्यासाठी पुण्यात किंवा डोंबिवलीत मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्यांचा पाठिंबा त्या गणतीत येत नाही. परदेशी बाजारपेठेचे कारण पुढे करून नाव आणि रंग बदलू पाहणारे मालक आठवले, की ही मर्यादा का घातली असावी ते कळते.

भारतात अशी तरतूद नाही. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये पाच हंगाम नारिंगी जर्सी घालून येणाऱ्यांसाठी या स्थलांतरात मतपत्रिका नव्हती, अगदी हलसारखीसुद्धा.