चारबागचा पूल : मवाळ कोण, जहाल कोण?



आजचा विषय एका फोनवरून सुचला. माझा पुतण्या बरीच वर्षं टोरांटोजवळ राहतो. परवा म्हणाला, "काका, इथला माणूस चुकून खांबावर आपटला तरी खांबाला सॉरी म्हणतो. आणि हीच मंडळी आइस हॉकीच्या मैदानात हातमोजे फेकून एकमेकांचे दात पाडतात. मग कॅनडाचा माणूस मुळात मवाळ की जहाल? तुम्ही फौजी, तुम्ही सांगा."

सॉरीचं तो बोलला त्यात फार अतिशयोक्ती नाही. ऑन्टारियो प्रांतात २००९ साली एक कायदाच झाला. तुम्ही कुणाची माफी मागितलीत, तर तेवढ्यावरून दिवाणी दाव्यात तुमचा दोष सिद्ध होत नाही, असा तो कायदा. माफी मागायची सवय इतकी की तिला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं!

मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर टोरांटोत शोधू नकोस. ते लखनौच्या चारबागला आहे." त्याला वाटलं, काकांचं वय झालं. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर पुढची पंधरा मिनिटं मला द्या.

चारबाग म्हणजे लखनौचं मुख्य रेल्वे स्टेशन. लाल-पांढऱ्या घुमटांची ही देखणी इमारत. पायाभरणी १९१४ सालची. वरून पाहिलं तर बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखी दिसते, असं लखनौकर अभिमानाने सांगतात. दोन नवाबांची ती प्रसिद्ध गोष्टही स्टेशनावरचीच. डब्यात कोणी आधी चढायचं यावरून "पहले आप", "नहीं, पहले आप" चालू राहतं आणि गाडी निघून जाते. लखनौचा माणूस म्हणजे नजाकत, शायरी, अत्तर आणि कबाब. लढाई हे त्याचं काम नव्हे, असं आपण सहज म्हणून जातो.

आता याच स्टेशनजवळ नवाब गाजिउद्दीन हैदरने खोदलेला कालवा आहे. त्या कालव्यावर चारबागचा पूल होता. २५ सप्टेंबर १८५७ रोजी जनरल हॅवलॉक आणि जनरल औट्राम यांची फौज या पुलापाशी आली. रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांना सोडवायचं होतं. पुलाच्या पलीकडे तोफा मांडलेल्या होत्या, आजूबाजूच्या घरांत बंदूकवाले दबा धरून बसले होते. कॅप्टन मॉड याच्या तोफांवरचे गोलंदाज एकामागून एक पडत होते आणि पायदळातली माणसं त्यांच्या जागी उभी केली जात होती. पूल शेवटी संगिनीने घेतला गेला. मॉडला त्या दिवसासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एका दिवसात, पुलापासून रेसिडेन्सीपर्यंतच्या काही मैलांत, हॅवलॉकची पाचशेहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली. जनरल नील त्याच दिवशी पडला. आणि गंमत बघा, सोडवायला आलेली फौज स्वतःच रेसिडेन्सीत अडकली! तिला बाहेर काढायला नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्पबेलला यावं लागलं, आणि लखनौ शहर इंग्रजांच्या पुरतं हाती यायला मार्च १८५८ उजाडला.

ही "पहले आप"वाल्यांची लढाई!

आता दीड वर्ष मागे जाऊ. फेब्रुवारी १८५६. हाच औट्राम लखनौत रेसिडेंट होता. नवाब वाजिद अली शाहला गादी सोडायचा हुकूम झाला. नवाबाने तोफा गाड्यांवरून उतरवल्या, सैनिकांची शस्त्रं काढून घेतली आणि डोक्यावरची पगडी औट्रामच्या हातात ठेवली. एक गोळी सुटली नाही. त्या दिवशी लखनौ पाहणारा कुणीही म्हणाला असता, ही माणसं मऊ आहेत.

मग सोळा-सतरा महिन्यांत लखनौचं रक्त बदललं का? रक्त तेच होतं. बदलली ती परिस्थिती. तालुकदारांच्या जमिनी गेल्या. दरबारावर पोसलेले कारागीर, शिपाई, नोकर रस्त्यावर आले. आणि कंपनीच्या बंगाल आर्मीतला मोठा भाग याच अवधच्या खेड्यांतून आलेला होता. म्हणजे गाऱ्हाणं होतं, कवायत शिकलेली माणसं होती, बंदूक-तोफ चालवण्याचं ज्ञान होतं. कमी होता फक्त नेता. बेगम हजरत महलने जुलैमध्ये आपल्या लहान मुलाला, बिरजीस कद्रला, गादीवर बसवलं आणि तीही उणीव भरून निघाली. फौजी भाषेत सांगायचं तर कारण, प्रशिक्षण, शस्त्र आणि नेतृत्व या चार गोष्टी एकत्र आल्या. या चार गोष्टी जिथे येतात तिथे शेळीचा वाघ होतो.

आता कॅनडाचा धागा. रेसिडेन्सीच्या आत बचावाचं नेतृत्व कोण करत होतं? सर हेन्री लॉरेन्स जुलैच्या सुरुवातीलाच तोफगोळ्याने गेले. त्यांच्यानंतर पहिल्या सत्त्याऐंशी दिवसांच्या वेढ्यात सैन्याची सूत्रं होती ३२ व्या पायदळ पलटणीच्या जॉन इंग्लिस याच्याकडे. हा इंग्लिस जन्माने नोव्हा स्कोशियाचा, एका बिशपचा मुलगा. तेव्हा कॅनडा हा आजचा देश नव्हता. तो १८६७ साली झाला आणि नोव्हा स्कोशिया त्याचा पहिल्या दिवसापासूनचा प्रांत. म्हणजे आजच्या हिशेबाने इंग्लिस कॅनडाचाच. आणि हेही विसरू नका की रेसिडेन्सीच्या तटबंदीवर इंग्लिसच्या बाजूने सुमारे सातशे हिंदी शिपाईही उभे होते. आत-बाहेर एकाच मुलखातली माणसं, एकाच कवायतीत तयार झालेली.

दुसरा माणूस त्याहून विलक्षण. विल्यम हॉल. हाही नोव्हा स्कोशियाचा, कृष्णवर्णीय, गुलामगिरीतून सुटून आलेल्या आईबापांचा मुलगा. शॅनन या युद्धनौकेचा खलाशी. बोटीवरच्या जड तोफा जमिनीवरून ओढत त्यांची तुकडी लखनौला आली. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी शाह नजफच्या भिंतीला भगदाड पाडायचं होतं. तोफ भिंतीच्या इतक्या जवळ नेली की वरून होणाऱ्या माऱ्यात तोफेवरची माणसं पडत गेली. शेवटी हॉल आणि लेफ्टनंट यंग असे दोघेच उरले. तोफ भरायची, डागायची, धक्क्याने मागे आली की पुन्हा ढकलत जागेवर न्यायची. दोघांनी ते थांबवलं नाही. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे हा हॉल गावी परतला आणि शांतपणे शेती करत राहिला. १९०४ साली वारला, तेव्हा त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. शेजाऱ्यांना तो मवाळच वाटला असणार.

म्हणजे १८५७ च्या लखनौत, आज जगात सौम्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन मुलखांची माणसं समोरासमोर होती, आणि दोन्हीकडून कुणी मागे हटत नव्हतं.

पुढचा इतिहासही तेच सांगतो. एप्रिल १९१५, ईप्र. जर्मनांनी सोडलेल्या क्लोरीन वायूत कॅनडाची डिव्हिजन उभी राहिली, आणि काही दिवसांत तिथेच आपली लाहोर डिव्हिजनही झुंजली. एप्रिल १९१७ मध्ये व्हिमी रिजवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदा एकत्र लढल्या. टेकडी घेतली, त्यासाठी ३,५९८ माणसं दिली. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या ऑर्टोना गावात त्यांनी घराघरांतून लढाई केली. रस्त्यावर गोळ्यांचा पाऊस, म्हणून एका घराची भिंत फोडून दुसऱ्या घरात शिरायचं. लखनौत मार्च १८५८ मध्ये कैसरबागेकडे जाताना इंग्रजांच्या इंजिनिअरांनी असंच भिंती फोडत रस्ता काढला होता. आणि ऑर्टोनाच्या बाजूलाच कोण लढत होतं? आपली आठवी हिंदी डिव्हिजन. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. याच पलटणीच्या नामदेव जाधवने एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

आणि याच कॅनडाच्या लेस्टर पिअरसनने १९५६ च्या सुएझ पेचात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची कल्पना मांडून पुढच्या वर्षी नोबेल घेतलं. त्या सेनेचे पहिले सेनापती कॅनडाचे जनरल बर्न्स, त्यांच्यानंतरचे आपले जनरल ग्यानी. मग ठरलं, कॅनडा मवाळ? थांबा. १९९३ साली सोमालियात मदतीला गेलेल्या त्यांच्या पॅराट्रूपर रेजिमेंटच्या काही जवानांनी एका कोवळ्या पोराचा छळ करून जीव घेतला. दोन वर्षांनी ती रेजिमेंटच बरखास्त करावी लागली. आणि १९१४ साली व्हँकुव्हरच्या बंदरात कोमागाटा मारू हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांसह दोन महिने उभं ठेवून बहुतेकांना परत पाठवलं, ते काम तर कायद्याच्या कागदांचा आधार घेऊन झालं. सौम्य बोलणं आणि दयाळू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रवाशांना कुणी शिकवायला नको होतं.

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, असा वाद घालून काय मिळणार? मवाळ म्हटलं काय, जहाल म्हटलं काय, कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं. फार बिघडतं. लखनौच्या त्या नोव्हेंबरातल्या लढाईत एक तरुण तोफखाना अधिकारी होता, फ्रेडरिक रॉबर्ट्स. मेस हाऊसच्या इमारतीवर गोळीबारात निशाण लावणारा तोच. हा रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. काही जाती जन्मतः लढवय्या आणि काही जन्मतः नेभळट, या सिद्धान्ताचा तो मोठा पुरस्कर्ता. पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडची माणसं पसंत, दक्षिणेची नापसंत. आणि अवध? चारबागच्या पुलावर ज्यांनी इंग्रजांचं रक्त सांडलं, त्या अवधची भरती १८५७ नंतर आटतच गेली. जे सगळ्यात कडवे लढले, तेच कागदावर बिनलढाऊ ठरले!

आपल्या महाराष्ट्रात याची झळ कुणाला बसली? महार सैनिकांना. मुंबई आर्मीत पिढ्यान् पिढ्या नोकरी केलेल्या, कोरेगावच्या विजयस्तंभावर ज्यांची नावं कोरली आहेत, त्या समाजाची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते. ज्या घरांत पगार, पेन्शन आणि मुलांचं शिक्षण पलटणीमुळे येत होतं, ती वाटच अडवली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात. स्वभावाबद्दलचं एक मत, आणि जवळजवळ पन्नास वर्षांचं नुकसान.

दुसऱ्याला बोल लावताना माझाही हिशेब सांगतो. मी कॅप्टन होतो, कंपनीची जबाबदारी नवी होती. कोकणातला एक जवान होता, आवाज इतका मऊ की रोलकॉलला दोनदा विचारावं लागे. वार्षिक अहवालात मी शेरा मारला : स्वभावाने मवाळ, नेतृत्वगुण कमी. त्या हिवाळ्यात आमच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. दोघे आत. रात्रभर फावडं चालवून, फावडं मोडल्यावर हाताने बर्फ उपसून ज्याने दोघांना जिवंत बाहेर काढलं, तो हाच. सकाळी त्याच्या बोटांची कातडी गेलेली होती आणि तो मला विचारत होता, "साहेब, चहा घेतलात का?" पुढच्या वर्षी मी भरभरून लिहिलं. पण पहिला शेरा कागदावर होताच, आणि त्याची बढती एक पायरी उशिरा आली. निवृत्त झालो, तरी तो शेरा मला आठवतो. रॉबर्ट्सने हेच एका जवानाऐवजी लाखोंच्या बाबतीत केलं, एवढाच फरक.

शेवटी पुन्हा लखनौला येऊ. जहाल आणि मवाळ हे शब्द मराठी घरांत रुजले ते टिळक आणि गोखल्यांमुळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले, एकाच ज्ञातीचे, दोघेही पुण्यात फर्ग्युसन कॉलेज उभारणाऱ्या संस्थेतले. माती एक, पाणी एक. तरी एक जहाल, एक मवाळ. १९०७ साली सुरतेला दोन्ही पक्षांत खुर्च्या आणि जोडे चालले, आणि १९१६ च्या डिसेंबरात दोन्ही पक्ष पुन्हा एका मांडवाखाली आले, ते लखनौला. टिळकांना मोटारीतून गुपचूप नेऊ नये म्हणून रामप्रसाद बिस्मिल हा तरुण गाडीसमोर आडवा झाला. मग पोरांनी घोडे सोडले आणि टिळकांची गाडी स्वतः ओढत नेली. "पहले आप"च्या शहराने जहाल पुढाऱ्याचं स्वागत असं केलं.

आणि अलीकडचं सांगायचं तर, लखनौच्याच सैनिक शाळेत शिकलेला कॅप्टन मनोजकुमार पांडे ३ जुलै १९९९ रोजी खालूबारवर परमवीर ठरला.

तेव्हा पुतण्याला मी एवढंच सांगितलं : बाळा, राष्ट्राला एक स्वभाव नसतो. शिष्टाचार असतो, तो शांततेत दिसतो. आणि जिद्द असते, ती वेळ आल्यावर दिसते, वेळ आणणारं कारण आणि सांभाळणारा नेता असेल तर. माणसाचा आवाज ऐकून त्याच्या कागदावर शेरा मारू नकोस. थोडं थांब.

तुम्ही कधी चारबागला उतरलात, तर टांगा-रिक्षेची घाई करू नका. स्टेशनाबाहेर पडून कालव्याच्या दिशेने दोन मिनिटं उभे राहा. कुणी "पहले आप" म्हणालं तर हसा जरूर. पण त्या पुलावर सप्टेंबर १८५७ मध्येही कुणीतरी आधी पुढे झालं होतं, हे मनात असू द्या.

जय हिंद.