इलेक्ट्रॉनीय मापन उपकरणे, जुनी : दोषशोधन व दुरुस्ती

विद्युत् दाब, प्रवाह, रोध, कंप्रता, तरंगाकार इ. मोजणाऱ्या जुन्या इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील दोष शोधून ती पुन्हा विश्वासार्ह करण्याची विद्या. ‘जुनी’ या संज्ञेने येथे मुख्यत्वे इलेक्ट्रॉन नलिका व सुटे ट्रँझिस्टर वापरून सुमारे १९८० पर्यंत बनविलेली उपकरणे अभिप्रेत आहेत. रेडिओ बिघडला म्हणजे तो मुका होतो किंवा खरखरतो. मापन उपकरण मात्र बिघडल्यावरही आकडा दाखवीतच राहते. त्या आकड्यावर विसंबून दुसरे यंत्र जुळविले जाते आणि चूक पुढे सरकत जाते. म्हणून ही दुरुस्ती सुटा भाग बदलून संपत नाही. ज्ञात प्रमाणाशी ताडून उपकरणाचे अंशन केल्यावरच ती पूर्ण होते.

इतिहास : ब्रिटनमध्ये ॲव्हो हा बहुमापक १९२३ पासून तयार होऊ लागला. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड (१९३९) व टेक्ट्रॉनिक्स (१९४६) या कंपन्या स्थापन झाल्या. टेक्ट्रॉनिक्सच्या ५११ क्रमांकाच्या दोलनदर्शकात (१९४७) मोजावयाच्या संकेतानेच प्रकाशठिपक्याची वाटचाल सुरू होत असल्यामुळे तरंग पडद्यावर स्थिर दिसे व कालावधी थेट वाचता येई.

भारतात अशी उपकरणे दीर्घकाळ बव्हंशी आयातच होत. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण होऊन आयात परवाने कडक झाले, तेव्हा नव्या उपकरणाइतकाच सुटा भागही दुर्मिळ झाला. या टंचाईतून दुरुस्तीला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (स्थापना १९४५) व तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेत इलेक्ट्रॉनीय सामग्री स्वतःच बनविण्याची परंपरा होतीच. अप्सरा अणुभट्टीची (१९५६) नियंत्रण सामग्री ए. एस्. राव यांच्या गटाने येथेच तयार केली. याच कार्यातून १९६७ मध्ये हैदराबादचे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया निघाले. उपकरण उघडून समजून घेणारा व ते घडविणारा यांत तेथे फारसा भेद नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पश्चिम विभागीय उपकरण केंद्र निघून तेथे दुरुस्तीचे प्रशिक्षणही दिले जाऊ लागले. टाटा संस्थेतील सूक्ष्मतरंग विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही संस्था उदयास आली. तिचे एक आवार पनवेल तालुक्यातील खारघर येथे असून वैद्यकीय रेखीय प्रवेगकांचे काम तेथे चालते. सुट्या भागांसाठी मात्र संस्थांनाही अनेकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचीच वाट धरावी लागे.

हवामानाचा परिणाम : खारघर-पनवेलचा परिसर खाडी व डोंगर यांच्यामध्ये वसलेला असून पावसाळ्यात तेथील हवा अतिशय आर्द्र असते. समशीतोष्ण प्रदेशासाठी बनविलेली उपकरणे अशा हवेत लवकर बिघडतात. कागदी धारित्रांत ओल शिरून त्यांतून विद्युत् गळती होते, निवड-खटक्यांचे स्पर्शबिंदू काळवंडतात, उच्च दाबाच्या रोहित्राचे निरोधन दुबळे होते व क्वचित बुरशीही धरते. विद्युत् विच्छेद्य धारित्रे वापराविना पडून राहिली तरी निकामी होतात. कार्बनी रोधकांचे मूल्य कालांतराने वाढते. हा दोष डोळ्यांना दिसत नसल्यामुळे सर्वांत फसवा आहे.

पद्धती : बंद पडून राहिलेले उपकरण एकदम मुख्य विद्युत् पुरवठ्याला जोडू नये. प्रथम दिवा एकसरीत जोडून (‘सिरीज लॅम्प’) किंवा कारखान्यांत डिमरस्टॅट म्हणून परिचित असलेल्या साधनाने दाब हळूहळू वाढवीत न्यावा. नंतर एकदिश पुरवठ्याचे सर्व दाब व त्यांतील ऊर्मिका तपासाव्यात. बहुतेक दोष येथेच सापडतात. पुरवठा निर्दोष असेल, तर मंडलाच्या मध्यावर संकेत पाहून सदोष अर्धा भाग ठरवावा आणि असेच अर्धे-अर्धे करीत जावे. सर्व नलिका एकदम बदलण्याची नवशिक्यांची सवय घातक होय, कारण तीमुळे मूळ दोष झाकला जातो व अंशन मात्र बिघडते. दोलनदर्शकातील ऋण किरण नलिकेचा दाब मोठ्या उपकरणांत हजारो व्होल्ट असतो व पुरवठा बंद केल्यावरही धारित्रांत विद्युत् भार उरतो. तो सुरक्षितपणे निचरून टाकल्याखेरीज हात आत घालू नये.

काही उपकरणांच्या स्वतःच्या खोडी असतात. टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या दोलनदर्शकांत भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर डाखलेले असतात. नेहमीच्या डाखात पट्टीवरील चांदी विरघळून जोड सुटतो, म्हणून कंपनी चांदीमिश्रित डाखाची गुंडाळी उपकरणातच ठेवीत असे. ॲव्होच्या ८ क्रमांकाच्या बहुमापकास रोधाच्या सर्वोच्च पट्ट्यासाठी १५ व्होल्टचा घट लागतो. तो सहज न मिळाल्यास ३ व्होल्टचे पाच चपटे घट एकसरीत जोडून काम भागविता येते.

या पिढीच्या उपकरणांबरोबर संपूर्ण मंडल-आकृती व प्रत्येक बिंदूवरील अपेक्षित दाब देणारी पुस्तिका येई. पुढील उपकरणांत खास बनविलेली संकलित मंडले आली. तशी मंडले अन्यत्र मिळत नसल्यामुळे एका उपकरणाचा बळी देऊन दुसरे चालू ठेवावे लागते. १९९१ नंतर आयात सुलभ झाली, तेव्हा अनेक संस्थांनी जुनी उपकरणे मोडीत काढली आणि बहुधा त्यांबरोबर पुस्तिकाही गेल्या.