भाकरीचे दुकान

बाजारहत्नूर, बोथ, इच्चोडा या पट्ट्यातली आपली मुले शिकायला, नोकरीला मोठ्या शहरांत गेली की टाको आणि बरिटोच्या दुकानांत जातात. सणाला घरी आली की त्याचे कौतुक सांगतात. आजीला ते ऐकून नवल वाटत नाही. भाकरीत कोरड्यास घालून, दुमडून खाणे तिला ठाऊकच आहे!

मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याची पोळी करतात. तीत काही घालून दुमडले की झाला टाको. गहू तिकडे स्पॅनिश लोकांनी नेला. उत्तरेकडे त्याच्या मोठ्या पोळीत सारण गुंडाळतात, तो बरिटो. आपल्याकडे भाकरी आणि पोळी, तसाच हा प्रकार. आणि आपल्या ठेच्यातली मिरचीही मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली.

तिथे गावाकडून शहरात आलेल्या बायांनी टाको रस्त्यावर विकला. आपली भाकरी मात्र फडक्यातच राहिली. बाजाराला जाणारा माणूस शिदोरी बांधून निघे. भाकरी विकत घ्यायची, ही कल्पनाच नव्हती.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका नांदेडला जोडला गेला, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. सोयरीक दोन्हीकडे, भाकरीही एकच. पण सरकारे वेगळी. इकडे १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला. गरिबाच्या घरी रोज भात शिजू लागला, हे मोठेच काम झाले. पण भाकरी मागे पडली ती तेव्हापासून. शेतातही ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले. तिकडे महाराष्ट्रात १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. भाकरीला दुकान मिळाले खरे, पण ते सरकारी पैशावर उभे होते. अनुदान थांबले आणि पुष्कळ ठिकाणी झुणका-भाकरीची पाटी तशीच ठेवून आत वडापाव, चहा विकला जाऊ लागला.

सरकारला जे टिकवता आले नाही, ते आता हैदराबादेत बायकांनी चालवले आहे. संध्याकाळी रस्त्याकडेला चूल मांडून त्या ज्वारीची भाकरी थापतात. तिकडे तिला जोन्न रोट्टे म्हणतात. गिऱ्हाइकांत मधुमेहाचे पथ्य असणारे पुष्कळ. नगावर विकत घेतात, कागदात गुंडाळून घरी नेतात.