किंडरट्रान्सपोर्ट : अर्धे उघडलेले दार

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रिटिश सरकारने १७ वर्षांखालील निर्वासित मुलांना तात्पुरता आश्रय देण्याचे मान्य केले. २ डिसेंबर रोजी सुमारे २०० मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होईपर्यंत अशी जवळजवळ १०,००० मुले ब्रिटनमध्ये पोहोचली. हाच 'किंडरट्रान्सपोर्ट'.

ही कथा सहसा औदार्याची म्हणून सांगितली जाते, आणि ते खोटे नाही. ज्यू संस्था, क्वेकर पंथीय, प्रागमधून ६६९ मुलांना बाहेर काढण्यासाठी सहकाऱ्यांसह झटलेले निकोलस विंटन, या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु या औदार्याला एक मर्यादा होती. प्रवेश मुलांना होता, आईवडिलांना नव्हता. बेकारीच्या त्या काळात प्रौढ निर्वासित म्हणजे रोजगारातला वाटेकरी. लहान मूल मात्र केवळ दयेचा विषय. पुढे मुलामागे ५० पौंडांची हमीही मागितली गेली.

म्हणूनच या सुटकेतील सर्वांत कठीण निर्णय लंडनमध्ये झाला नाही. तो बर्लिन, व्हिएन्ना आणि प्रागमधल्या घराघरांत, आपले मूल परक्यांच्या हाती सोपवणाऱ्या आईबापांनी घेतला. त्यांतील कितीतरी जण पुढे छळछावण्यांत मारले गेले. १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रागहून निघणारी, सुमारे २५० मुलांची गाडी तर सुटलीच नाही. वाचलेल्यांची संख्या अभिमानाने सांगताना, दाराबाहेर कोणाला ठेवले गेले हेही इतिहासाने सांगितले पाहिजे.