रामगिरीवरचा देवदार : अनुपस्थित वृक्षाचे सौंदर्य

भारतात पाइनच्या कुळातील वृक्षांची नैसर्गिक वसती हिमालय आणि ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश यांच्यापुरती मर्यादित आहे. पश्चिम हिमालयात देवदार, त्याखालच्या उतारांवर चीड, किन्नौरमध्ये चिलगोजा आणि मेघालयात खासी टेकड्यांच्या नावाने ओळखला जाणारा पाइन असे त्यांचे प्रदेश सांगता येतात. विंध्याच्या दक्षिणेस यांपैकी एकही वृक्ष निसर्गतः वाढत नाही. तरीही मराठीसारख्या भाषेत ‘देवदार’ हा शब्द परका वाटत नाही. वृक्ष नाही, पण शब्द आहे. अशा ठिकाणी त्या वृक्षाचे सौंदर्य कशाच्या आधारावर उभे राहते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच तौलनिक साहित्याभ्यासाचाही ठरतो.

या प्रश्नाचा विचार कालिदासापासून सुरू करावा लागतो. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात हत्ती गंडस्थळाची खाज भागवण्यासाठी सरल वृक्षांना, म्हणजे चीड वृक्षांना, अंग घासतात आणि त्यांतून पाझरणाऱ्या चिकाने हिमालयाची शिखरे सुगंधित होतात. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात दिलीपासमोर असलेला देवदार शंकराने पुत्र मानलेला आणि पार्वतीने पाणी घालून वाढवलेला आहे. रानहत्तीने त्याची साल सोलवटली, तेव्हा कार्तिकेयाला जखम झाल्यासारखे दुःख पार्वतीला झाले. या दोन्ही ठिकाणी वृक्ष प्रत्यक्ष समोर आहे. त्याला साल आहे, चीक आहे, जखमही आहे.

‘मेघदूता’त मात्र ही स्थिती पालटते. उत्तरमेघातील निरोपात यक्ष हिमालयाकडून दक्षिणेला वाहत येणाऱ्या वाऱ्यांविषयी बोलतो. देवदाराच्या कोवळ्या पालवीचे पुट उलगडून, तिच्या चिकाचा गंध घेऊन हे वारे निघालेले असतात. त्यांनी आपल्या प्रियेच्या अंगाला आधी स्पर्श केला असेल, या आशेने यक्ष त्यांना आलिंगन देतो. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. काही अभ्यासक तो सरगुजातील रामगढ मानतात. कोणतेही मत स्वीकारले, तरी तेथे देवदार नाही. येथे देवदाराचा केवळ गंध उरतो, आणि तोही विरहाने कल्पिलेला. वृक्षाच्या अनुपस्थितीमुळेच तो प्रियेच्या जागी येऊ शकतो.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून कुसुमाग्रज आणि शांता शेळके यांच्यापर्यंत अनेकांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. देवदारापाशी भाषांतरकाराला शब्दाची अडचण पडत नाही, कारण तो संस्कृतातून तयार मिळतो. अडचण असलीच तर वाचकाची, कारण त्याने हा वृक्ष बहुधा पाहिलेला नसतो. पण हा वाचक यक्षाच्याच टोकाला उभा आहे. त्याचे न पाहणे हे आकलनातील वैगुण्य नसून काव्यस्थितीशी असलेले त्याचे साम्य आहे.

हाइनेच्या 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिरिशेस इंटरमेत्सो’तील एका कवितेत याच नात्याची उलट बाजू दिसते. तेथे उत्तरेतील बर्फाने वेढलेला सूचिपर्णी वृक्ष पूर्वेकडील पाम वृक्षाचे स्वप्न पाहतो. जर्मनमध्ये पहिला पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी असल्याने ती प्रेमकविता होते. लेर्मोंतोवच्या 1841 च्या रशियन रूपांतरात दोन्ही वृक्ष स्त्रीलिंगी झाले आणि प्रेमाच्या जागी निव्वळ एकाकीपणा आला. त्याआधी त्युत्चेवने ‘सीडर’साठीचा पुल्लिंगी शब्द योजून मूळचे नाते राखले होते. न दिसणारा वृक्ष प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या अटींवरच उगवतो.

लोकव्यवहारात ही प्रक्रिया अधिक मोकळेपणाने घडते. बंगालीत ‘देबदारु’ म्हणजे मराठी माणूस ज्याला ‘अशोक’ म्हणतो तो उंच, सरळ वृक्ष. संस्कृत काव्यातला अशोक तर तिसराच. फारसी काव्यात प्रियजनाच्या बांध्याचे उपमान असलेल्या सायप्रसचे नाव मराठीत ‘सुरू’ झाले आणि कोकणच्या किनाऱ्यावर बाहेरून आणून लावलेल्या कॅशुरिनाला चिकटले. सुरूच्या बारीक डहाळ्या सुयांसारख्या दिसत असल्या, तरी तो पाइनचा नातेवाईक नाही. मराठी घरांत खुद्द देवदार पोचला तो काष्ठौषधी म्हणून किंवा ‘देवदारी खोकी’ या रूपाने. शंकराचा मानसपुत्र मालाच्या खोक्याचे विशेषण होतो, हाही शब्दाच्या प्रवासाचाच भाग होय.

अनुपस्थिती भरून काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वृक्ष आणून लावणे. विसाव्या शतकात पळणी आणि निलगिरी डोंगरांत पाइनची लागवड झाली. कोडाईकनालचे पाइनवन आज पर्यटकांना आणि चित्रपटांच्या छायालेखकांना प्रिय आहे. मात्र पाइन, निलगिरी आणि वॅटल यांच्या लागवडीखाली तेथील शोला वनांलगतची गवताळ कुरणे मोठ्या प्रमाणावर गेली. जे कुरण झाकले गेले त्यालाही सौंदर्य होते. पण त्याच्या बाजूने बोलणारी इतकी जुनी काव्यपरंपरा पाठीशी नव्हती. दुर्मीळाची ओढ स्थानिकाला अदृश्य करू शकते, याची जाणीव साहित्याभ्यासानेही ठेवणे आवश्यक आहे.

या संदर्भात यक्षाचे वर्तन पुन्हा लक्षात घेण्याजोगे वाटते. तो रामगिरीवर देवदार लावत नाही. वर्षभराच्या शापाच्या काळात तेथील कुटजाची फुले वाहून तो मेघाचे स्वागत करतो आणि देवदारासाठी केवळ वाऱ्याची वाट पाहतो. जवळ असलेल्या वृक्षाचा मान राखून दूरच्या वृक्षाची ओढ जपण्याची ही रीत ‘मेघदूता’ने घालून दिली आहे.