जेम्स वेल्स

जेम्स वेल्स (इ.स. १७४७ – नोव्हेंबर, इ.स. १७९५) हे अठराव्या शतकातील स्कॉटिश चित्रकार होते. आयुष्याची अखेरची चार वर्षे त्यांनी मुंबई, पुणे आणि आसपासच्या लेण्यांच्या परिसरात काम केले. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची प्रत्यक्ष पाहून त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे उत्तर पेशवाईच्या अभ्यासाची महत्त्वाची साधने मानली जातात. पुण्यातील शनिवारवाड्यात सुरू झालेल्या चित्रशाळेशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

प्रारंभिक जीवन

वेल्स यांचा जन्म स्कॉटलंडमधील पीटरहेड या बंदराच्या गावी झाला. त्यांचे शिक्षण ॲबरडीन येथील मॅरिशल कॉलेजात झाले. चित्रकलेत ते बहुतांशी स्वयंशिक्षित होते. इ.स. १७८० च्या दशकात ते लंडनला आले आणि रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे मांडली गेली. लंडनमध्ये व्यक्तिचित्रकारांची स्पर्धा तीव्र असल्याने त्या काळी अनेक चित्रकार भारताकडे वळत होते. टिली केटल व योहान झोफनी हे वेल्स यांच्या आधी येऊन गेले होते. मात्र त्यांचे काम मुख्यत्वे मद्रास, कलकत्ता आणि लखनौ येथे झाले. मराठ्यांचा दरबार चित्रित करण्याची संधी वेल्स यांना मिळाली. जुलै, इ.स. १७९१ मध्ये ते मुंबईत पोहोचले.

मुंबईची दृश्ये

मुंबईत वेल्स यांनी व्यक्तिचित्रांबरोबरच निसर्गदृश्येही काढली. इ.स. १७९१ आणि १७९२ मध्ये काढलेल्या मुंबई व परिसराच्या बारा दृश्यांचा संच त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. मलबार हिल, कंबाला हिल, शीव इत्यादी ठिकाणांवरून दिसणारी ही मुंबई आजच्या शहराहून फार वेगळी आहे. समुद्रात भर घालण्याची मोठी कामे अद्याप व्हायची होती. खाजणे, माडांच्या वाड्या आणि भरतीचे पाणी यांनी बेटांचे रूप टिकवून ठेवले होते.

पुणे दरबार

ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातील रेसिडेंट चार्ल्स वेअर मॅलेट हा वेल्स यांचा मुख्य आश्रयदाता होता. त्याच्यामार्फत वेल्स यांचा पेशवे दरबारात प्रवेश झाला. त्या काळी मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी सामान्यतः जलमार्गाने पनवेलला उतरत आणि खालापूर, खोपोलीवरून बोरघाट चढून जात. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव व महादेवाचे मंदिर आजही आहे.

इ.स. १७९२ मधील एका तैलचित्रात तरुण पेशवे सवाई माधवराव, कारभारी नाना फडणवीस आणि सेवक एकत्र दिसतात. हे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

इ.स. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी आणि पेशवे यांच्यात झालेल्या तहाच्या दरबाराचे भव्य चित्र काढण्याचे काम मॅलेटने वेल्स यांच्याकडे सोपवले होते. तह झाला तेव्हा वेल्स भारतात आलेले नव्हते. त्यामुळे दरबारातील व्यक्तींचे अभ्यासचित्रण त्यांना नंतर करावे लागले. हे चित्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. त्यांच्या रेखाटनांच्या आधारे थॉमस डॅनियल यांनी ते इ.स. १८०५ मध्ये पूर्ण केले. सध्या ते लंडनच्या टेट संग्रहात असून डॅनियल यांच्या नावाने ओळखले जाते.

चित्रशाळा आणि गंगाराम तांबट

मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तेथे वेल्स यांच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक कारागिरांना यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि प्रत्यक्ष पाहून रेखाटन करण्याची युरोपीय पद्धत शिकवली जाई. या चित्रशाळेशी संबंधित सर्वांत ज्ञात चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

गंगाराम यांचा उल्लेख अनेकदा केवळ 'वेल्स यांचे शिष्य' असा होतो. तथापि, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांचे चित्र नोव्हेंबर, इ.स. १७९० मधील आहे, म्हणजे वेल्स भारतात येण्यापूर्वीचे. यावरून ते आधीपासूनच कसबी चित्रकार होते हे स्पष्ट होते. मॅलेटसाठी त्यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाचित्रे तयार केली. मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेला लेख इ.स. १७९९ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. गंगाराम यांची अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट येथे जतन केलेली आहेत.

लेण्यांचे चित्रण आणि मृत्यू

इ.स. १७९३ मध्ये थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मुंबईत आले असता वेल्स यांनी त्यांच्यासमवेत परिसरातील लेणी पाहिली. पुढे त्यांनी वेरूळच्या लेण्यांचे सविस्तर चित्रण केले. इ.स. १७९५ हे वर्ष त्यांच्यासाठी आघातांचे ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात उंचावरून पडून मृत्यू झाला. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये साष्टी बेटावर काम करीत असताना वेल्स स्वतः तापाने मरण पावले. काही आठवड्यांच्या अंतराने राजाश्रय आणि शिक्षक दोन्ही गेल्याने चित्रशाळाही टिकली नाही.

वेल्स यांची वेरूळची चित्रे थॉमस डॅनियल यांनी इ.स. १८०३ मध्ये लंडनला २४ चित्रपटांच्या संचरूपाने प्रसिद्ध केली. त्यांची ज्येष्ठ कन्या सुझाना हिचा इ.स. १७९९ मध्ये मॅलेटशी विवाह झाला.

शैली आणि मूल्यमापन

वेल्स यांच्या काळात युरोपात रोकोको शैलीचा बहर ओसरून नवअभिजातवाद रुजत होता. वातो, बूशे व फ्रागोनार यांच्या फ्रेंच रोकोकोतील शृंगारिक, कल्पनारम्य विषय वेल्स यांच्या कामात नाहीत. त्यांचा संबंध इंग्लंडमधील संवादी समूहचित्रांच्या परंपरेशी अधिक जवळचा आहे. वस्त्रांचा पोत, दागिने आणि चेहऱ्यांतील वेगळेपण ते बारकाईने टिपतात.

अल्पकाळातील काम आणि मरणोत्तर प्रकाशन यांमुळे वेल्स यांचे नाव डॅनियल यांच्यामागे झाकले गेले, तर गंगाराम यांचे नाव वेल्स यांच्यामागे. या चित्रांकडे आज पाहताना चित्रावरील नावाइतकेच त्यामागील अनेक हातांचे श्रम लक्षात घ्यावे लागतात.